नंबर दहाची काच

भवानी पेठेत हार्डवेअरच्या दुकानात
वेल्डरची काच मागितली. नंबर दहा.
दुकानदार माझ्या हातांकडे बघून म्हणाला,
"वेल्डिंग कशावर?"
म्हटलं, पाण्यावर.
त्यानं साठ रुपये घेतले आणि उरलेले चाळीस
जरा लांबूनच दिले.

खरा फिल्टर अकरा हजारांचा.
ही रबरबँडनं लेन्सवर बसते
आणि भर सकाळची रात्र करते, जराशी हिरवट.
हिरवेपणा मागाहून काढता येतो.
जवळपास सगळा.

तिची गरज नसते वेताळ टेकडीवर.
खाणीच्या काठाशी, दिवेलागणीला,
एकाच शहराचे तीन फोटो घ्यायचे:
एक काळोखा, ज्यात फक्त दिवे खरे;
एक बेताचा;
एक इतका उजळ की आभाळ करपून जातं
पण गच्च्यांवरच्या टाक्या मोजता येतात.
मग तिघांना समोरासमोर बसवायचं
भावकीला वाटणीसाठी बसवतात तसं,
ज्याचं जिथं खरं, तिथं तेवढंच घ्यायचं.
कोथरूड इतकं देखणं कधीच नव्हतं.
तिथं राहणाऱ्यानं ओळखलं नसतं.

मध्येच रिसबूड कुत्रा घेऊन गेले.
जोडलेल्या फोटोत रिसबूड पातळ,
तीन जागी एकतृतीयांश,
आणि वाटेत बसून राहिलेल्या कुत्र्याला
तीन शेपट्या.
सॉफ्टवेअर विचारतं, भुतं काढायची का?
वेताळाच्या टेकडीवर
हा प्रश्न!
मी नको म्हटलं.

पण मला करायचा होता समुद्र.
खालच्या मजल्यावरच्या मयेकरबाई,
टेलिफोन एक्स्चेंजातून निवृत्त, देवबागच्या,
बेचाळीस वर्षं पुण्यात,
म्हणाल्या होत्या, भिंतीला ओल येते तिथं
एक दर्या लावून दे रे.
पुण्याला समुद्र नाही.
चौपाटी आहे, खडकवासल्याला.
कणसं आहेत, भजी आहेत, घोडासुद्धा आहे.

सकाळी सातला गेलो, घोडा यायच्या आत.
ट्रायपॉडचे पाय चिखलात रोवले.
चार मिनिटं शटर उघडं.
चार मिनिटं आपल्याला काही काम नसतं,
श्वास तेवढा तोंड फिरवून सोडायचा.
तेवढ्यात एक बगळा उतरला, उठला.
एका पोरानं दगड भिरकावला, पाण्यावर तीन टप्पे.
पहारेकरी काठी आपटत आला,
"इथं फोटोला बंदी आहे,"
मग "पण कशाचा काढताय?"
मग सरळ लेन्ससमोरून पाण्यात उतरून
त्यानं चेहरा धुतला, चूळ भरली, गेला.
हे सगळं त्या फोटोत आहे.
दिसत मात्र त्यातलं काहीच नाही.
पाणी सायीसारखं.
लाटा होत्या तिथं धुकं.
पलीकडे सिंहगड, त्याच्यावरचा टॉवर,
जे हलले नाहीत ते.

फ्रेम करून नेला.
बाईंनी चष्मा पदराला पुसला. पुन्हा पुसला.
"भरती आसा काय सुकती?"
मी गप्प.
धरणाला भरती नसते,
पाटबंधारे खात्याचं पत्र असतं.
"आणि ह्याचो आवाज खंय?"
लाटा मीच पुसल्या होत्या,
साठ रुपयांच्या काचेनं, चार मिनिटांत;
हे त्यांना कसं सांगणार?

बाईंनी बराच वेळ काही म्हटलं नाही.
मग डाव्या कोपऱ्यात बोट टेकवलं,
जिथला हिरवा माझ्याकडून निघाला नव्हता,
वेल्डरचा, भवानी पेठेतला.
"ह्यो रंग मात्र खरो.
होडी लोटताना पाण्याखाली असोच असता."

खिळा ठोकला तर ओल्या भिंतीचे पोपडे सुटले,
खाली फरशीवर भुगा, पांढरा, बारीक.
मी झाडू मागितला.
"ऱ्हवांदे," बाई म्हणाल्या,
"रेव आसा ती."